पाणउतारा

दीड-दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून तिघाचौघांनी निरोप पाठवून चौकशी केली. सर्वांचे आभार. तब्येत ठणठणीत आहे. जानेवारी 2025 च्या अखेरीस डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, एवढंच. उजव्याची पाळी पावसाळ्यानंतर. नवा चष्मा परवा हाती आला आणि पहिलं काम म्हणून हे टंकायला बसलो आहे. छापलेली अक्षरं इतकी काळी असतात हे विसरूनच गेलो होतो!

ऑपरेशनची हकिकत सांगत नाही. आमच्या वयाची माणसं जमली की दुसरं बोलतात काय? वीस मिनिटांत झालं, दुखलं नाही, आणि डॉक्टरीणबाई माझ्या डोळ्यात काम करता करता सिस्टरांशी कुठल्याशा पुलावरच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होत्या. संपलं. सांगायचंय ते त्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल, जे मी अंधेरीला नातवाकडे काढले.

खरं तर उतरणार होतो लेकीकडे, डोंबिवलीला. पण तिच्या सासूबाई नेमक्या त्याच आठवड्यात बाथरूममध्ये घसरल्या आणि अंथरुणाला खिळल्या. एका घरात दोन-दोन रुग्ण नकोत, ऑपरेशन पुढे ढकलू, असं मी म्हणत होतो, तोवर नातवाचा फोन आला. "आबा, तुम्ही माझ्याकडे या. दवाखाना माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि मी निम्मा आठवडा घरूनच काम करतो." (त्याचं नाव इथे लिहायचं नाही अशी त्याची सक्त ताकीद आहे. तेव्हा नुसतं 'नातू'.)

नातू सव्वीस वर्षांचा आहे. एका कंपनीत नोकरी करतो. काम नेमकं काय करतो हे त्याने मला चार वेळा समजावून दिलंय आणि चारही वेळा मला ते समजलंय, पण दुसऱ्याला सांगायला गेलो की सांगता येत नाही. अशा मुलांना आम्ही शाळेत 'समजलंय पण मांडता येत नाही' या सदरात टाकत असू आणि पाच-सहा मार्क देऊन मोकळे होत असू.

दोन बेडरूमच्या त्या भाड्याच्या घरात तीन मुलं राहतात. जाताना मनात धाकधूक होती. तीन मुलगे, बायकामाणूस नाही, म्हणजे घर कसं असेल याचं चित्र मी स्वतःच्या अनुभवावरून रंगवलं होतं. 1969 ते 72 मी कोल्हापुरात बी.ए. करत असताना आम्ही चौघे एका खोलीत राहायचो. खोलीत एक स्टोव्ह, तीन ट्रंका, आणि कुणाची ते कधीच न ठरलेली एक छत्री. जेवण खानावळीत. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद, म्हणून रविवारी संध्याकाळी रंकाळा आणि शेंगदाणे.

अंधेरीचं घर बघतो तर लख्ख. केरवारा करायला एक यंत्र आहे, तबकडीएवढं. ते आपलं आपण जमिनीवरून फिरतं आणि माझ्या पायाशी येऊन थांबलं की मला उगाच 'सरक बाबा' म्हणावंसं वाटे. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी येतात. भाजी कोणती करायची हे तिघं आणि मावशी मिळून व्हॉट्सॲपवर ठरवतात. मावशींना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून त्या बोलून निरोप धाडतात. कोथिंबीर संपली तर फोनवर दोन बोटं फिरवायची, दहा-बारा मिनिटांत दारात पोरगा हजर. त्या पोराला मी एकदा पाणी विचारलं. तो घाबरून नको म्हणाला आणि धावत जिना उतरला. ते मात्र मला बरं वाटलं नाही.

तिघांपैकी एकजण कॉफीचा शौकीन आहे. कॉफीची पूड तो सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजतो, मग घड्याळ लावून वरून पाण्याची बारीक धार सोडतो. एवढं करून कॉफी काळी आणि कडू. मी चव घेतली आणि चांगली आहे म्हणालो. खोटं बोललो.

असो. माझी खरी अडचण होती वाचनाची. डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती, पण जुना चष्मा डाव्या डोळ्याला चालेना, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि नवा नंबर महिन्याने मिळणार. दोन जाड पुस्तकं पिशवीतून नेली होती, ती तशीच उशाशी राहिली. पंचाहत्तरीला टेकलेल्या, आयुष्यभर वाचण्याशिवाय दुसरा नाद नसलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय? मग मी नातवाकडे बघायला लागलो. म्हणजे निरीक्षण. पूर्वी वर्गात मागच्या बाकांचं करायचो तसं.

माझी पक्की समजूत होती की ही पिढी वाचत नाही. चार ठिकाणी भाषणातही सांगितलंय. ती समजूत चार दिवसांत गेली. नातू वाचतो, आणि भरपूर वाचतो. 2024 सालात त्याची एकतीस पुस्तकं झाली होती. फोनमध्ये यादी आहे, पुस्तकापुढे तारीख आणि तारे. रात्री दिवा घालवल्यावर त्याच्या हातातली पाटी मंद उजळते. तीत म्हणे दोनशे पुस्तकं आहेत. लोकलमध्ये, मेट्रोत, भांडी घासताना तो कानाने पुस्तक ऐकतो, तेही दीडपट वेगाने! एकदा माझ्या कानात घालून दाखवलं. नाटकातलं पात्र गाडी चुकेल या भीतीने संवाद उरकतंय असं वाटलं.

"हे ऐकणं झालं, वाचन नव्हे," असं मी म्हणून गेलो. म्हटल्याबरोबर माझी मलाच आई आठवली. आईला अक्षरओळख नव्हती. चातुर्मासात आमच्या पडवीत पांडवप्रताप लागायचा, वाचणारे एक आणि ऐकणारे वीस. त्या वीस जणांत बसून तिने सगळं भारत पाठ केलं होतं. भीष्माच्या बाबतीत माझं काही चुकलं तर ती मला, बी.ए. झालेल्याला, दुरुस्त करायची. तेव्हा नातवापुढे मी शब्द मागे घेतला.

एका शनिवारी तो मला जुहूच्या बागेत घेऊन गेला. तिथे तीसचाळीस तरुण मुलंमुली चटया अंथरून आपापलं पुस्तक घेऊन मुकाट बसतात. भाषण नाही, चर्चा नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. ही टूम बंगळूरच्या कब्बन पार्कातून निघाली असं तो म्हणाला. मी आपला काळा चष्मा लावून मध्ये खुर्चीवर. पुस्तक नसलेला एवढा मीच. पान उलटल्याचा आवाज मधून मधून येत होता. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात दुपारी दोन-अडीचला असाच आवाज असायचा. 1850 साली स्थापन झालेलं ते वाचनालय. माझ्या बी.ए.चा निम्मा अभ्यास त्याच्या बाकावर झाला. सगळे पेपर मी मराठीतून लिहिले. इतिहास, अर्थशास्त्र, सगळे. पुढे ते कुणाला सांगताना मला अभिमानही वाटायचा आणि आवाज थोडा खालीही यायचा.

त्या बागेतल्या मुलांच्या हातात मराठी पुस्तक किती होती, हे मला त्या डोळ्यांनी वाचता आलं नाही. नातवाला विचारलं. तो म्हणाला, "दोन-तीन असतील." त्याच्या हातातलं अर्थातच इंग्रजी होतं. त्याच्या त्या एकतीसच्या यादीत मराठी एकही नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. इथवर सगळं टंगळमंगळ चाललं होतं हे जुन्या वाचकांनी ओळखलं असेलच.

आठव्या-नवव्या दिवशी मला वर्तमानपत्राची तलफ अनावर झाली. नातवाने खालून मराठी पेपर आणला आणि म्हणाला, "मी वाचून दाखवतो." बोलायला तो अस्खलित बोलतो, थेट डोंबिवलीचं मराठी. मला वाटलं, वाचेलही तसाच. तो वाचायला लागला आणि माझा घसा दाटून आला.

सव्वीस वर्षांचा, इंग्रजी पुस्तक दोन दिवसांत फडशा पाडणारा तो मुलगा तिसरीतल्या पोरासारखा वाचत होता. ओळीखाली बोट. 'निष्कर्ष' वर अडखळला. 'र्ष' चा रफार कुठे लावायचा हे ठरवेपर्यंत मी मनात तीन वेळा तो शब्द म्हटला. 'ज्ञ' आला की थांबायचा. 'दुष्काळग्रस्त' ला त्याने दोन ठिकाणी तोडलं. मुलं अडली की खडू घ्यायला माझा हात आपोआप फळ्याकडे जायचा. इतक्या वर्षांनी तो हात उशीवर उगाच हलला. आणि तो मात्र नेटाने वाचत होता, लाजत नव्हता, याचंच मला जास्त लागलं.

मग एक मथळा आला. भर सभेत कुणा अधिकाऱ्याचा कुणीतरी पाणउतारा केला होता. त्याने वाचलं, "पाण... उतारा. आबा, पाणउतारा म्हणजे? पाणी उतरलं? ओहोटी?"

मी मनापासून हसलो. तोही हसला. म्हटलं, "नाही रे. चारचौघांत एखाद्याला टाकून बोलणं, त्याचा अपमान करणं."

"वाक्यात उपयोग करा," तो म्हणाला. मीच त्याला लहानपणी सुट्टीत हा खेळ शिकवला होता. नवा शब्द, मग वाक्यात उपयोग.

मला वाक्य सुचेना. म्हणजे सुचलं, एकच सुचलं, आणि ते सांगता येईना. "उद्या सांगतो," म्हणालो.

ते वाक्य असं होतं. 2012 साली माझ्या पुतणीच्या लग्नात, पंगतीत, माझ्या थोरल्या बंधूंनी आमच्या जावईबापूंचा पाणउतारा केला.

त्या पंगतीला असलेले नातेवाईक हे वाचतात, त्यांना आठवेल. दादा तोंडाचे फटकळ होते. (आता नाहीत.) समोरच्या पानावर जावई, शेजारी नातू, तेव्हा तेरा वर्षांचा. दादांनी नातवाला पंगतीत श्लोक म्हणायला सांगितला. त्याला येईना. मग दादा सुरू झाले. मास्तरांचा नातू, आणि श्लोक येत नाही? कसा येणार, घातलंय इंग्रजी शाळेत! मास्तरांनी जन्म घालवला मराठी शिकवण्यात आणि जावयाला साहेब व्हायचंय. चाळीस-पन्नास माणसं ऐकत होती. कुणी खाली बघून हसलं. जावई काही बोलले नाहीत. पानावरची जिलबी मोडत राहिले. मी चार पानं सोडून बसलो होतो. मीही काही बोललो नाही.

आणि बोलायला हवं होतं ते मीच. कारण नातवाला इंग्रजी शाळेत घाला असं सांगणारा मी होतो.

2003 सालच्या मे महिन्यात लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, शाळेचं ठरवायचंय. हे म्हणताहेत मराठीतच घालू. आता मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे, मग हरकत काय? तुमचं मत सांगा." पहिलीपासून इंग्रजी सरकारने 2000 साली आणलं होतं, तेव्हा जावयांचं म्हणणं बिनतोड होतं. मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतंय. "त्यांना सांग, भावनेच्या भरात मुलाचं नुकसान करू नका. इंग्रजीत घाला." त्याच वर्षी मराठी दिनाला मी तालुक्याच्या गावी 'मराठी शाळा वाचवा' या विषयावर पाऊण तास बोललो होतो. टाळ्याही घेतल्या होत्या.

असं का बोललो? कारणं आहेत, पण ती सबब म्हणून सांगत नाही. 1973 मध्ये मी एका बँकेच्या मुलाखतीला गेलो होतो. समोरच्यांनी इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगितलं, आणि मी बी.ए. द्वितीय श्रेणी, घाम पुसत गप्प बसून राहिलो. ते एक. दुसरं जास्त जवळचं. 1998 साली माझा एक विद्यार्थी दहावीला तालुक्यात पहिला आला. मीच त्याच्या वडिलांना गळ घालून त्याला मुंबईला अकरावी सायन्सला पाठवलं. दिवाळीआधीच तो ट्रंक घेऊन परत आला. माझ्या ओटीवर बसून म्हणाला, "सर, मला येत होतं. पण ते काय बोलतात तेच कळत नव्हतं." मी त्याला पाच वर्षं विज्ञानातले मराठी शब्द घोकून घेतले होते. त्या रात्री मी जेवलो नाही. पाच वर्षांनी लेकीचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रंक होती.

(तो विद्यार्थी आज आंब्याचा मोठा व्यापारी आहे. मला भेटला की पाया पडतो आणि पेटी देतो. त्याचं काही बिघडलं नाही असं तो म्हणतो. तेव्हा माझं हे कारण तरी कितपत टिकतं, कोण जाणे.)

तर नातवाचा निर्णय माझा आणि बोल जावयांना. एकदा नव्हे, वीस वर्षं. आमच्याकडे कुठलंही कार्य असो, हा विषय निघतोच. निघाला की मी पाणी प्यायला उठतो. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा गावच्या वाचनालयात पेढे वाटले. मला पुढे बसवलं. पेढा घशाखाली उतरायला वेळ लागला.

रात्री झोपण्यापूर्वी माझ्या डोळ्यात दोन प्रकारचे थेंब घालायचे असत. पहिला थेंब, मग पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, मग दुसरा. नातू घड्याळ लावून शेजारी बसायचा. दुसऱ्या दिवशी रात्री पहिला थेंब घालून झाल्यावर त्याने विचारलं, "काल तुम्ही वाक्य सांगणार होता."

डोळे मिटलेले होते म्हणून जमलं. त्या पाच मिनिटांत मी त्याला सगळं सांगितलं. मे महिन्यातला फोन, पंगत, सगळं. घड्याळ वाजलं. त्याने माझी पापणी ओढून दुसरा थेंब घातला, गालावर ओघळलेला पुसला आणि म्हणाला, "मला माहीत आहे, आबा."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही सांगितलं होतं ते. दहावीत मी बाबांशी भांडलो होतो. म्हटलं, मला मराठी नीट का येत नाही, सगळे हसतात. तेव्हा त्यांनी सांगितलं. आणि म्हणाले, कुणाला बोलू नकोस. आबांना शाळेतले लोक नावं ठेवतील."

मी 2009 मध्येच निवृत्त झालो होतो. तरीसुद्धा.

मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा मला समजावेल. दोन्ही केलं नाही. म्हणाला, "मराठी शाळेत घातलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. पण तुम्ही त्या दिवशी जिलबीच्या वेळी बोलायला हवं होतं." आणि दिवा घालवून गेला. त्याला जिलबी आठवत होती.

हे इथे लिहिण्यापूर्वी काल जावईबापूंना फोन केला. म्हटलं, मी असं असं लिहिणार आहे, आणि पंगतीला होते ते सगळे वाचणार आहेत. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "बाबा, डोळ्यावर ताण येईल. फार वेळ टाइप करू नका." त्यांचा स्वभावच असा. मी पुढे काही बोलणार होतो, ते बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहितो. मंडळी, इंग्रजी शाळेचा निर्णय माझा होता. जावयांचा विरोध होता. यापुढे कुणाला टोमणा मारायचा असेल तर पत्ता माझा आहे.

असो. एका शनिवारचं सांगायचं राहिलंच.

नातवाला एक छंद आहे, जो मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हता. ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर जाऊन खळग्यांतले जीव बघायचे, फोटो काढायचे आणि आयनॅचरलिस्ट नावाच्या ठिकाणी नोंदवायचे. तिथे जगभरचे जाणकार नाव ओळखून देतात. त्याची एक वहीही आहे. तारीख, जागा, पाण्याची उंची, सापडलेले जीव, सगळं इंग्रजीत आणि लॅटिनमध्ये. डॉक्टरीणबाईंना विचारून, डोळ्यात पाणी उडू देणार नाही अशी हमी देऊन, अठराव्या दिवशी मी त्याच्याबरोबर वांद्र्याला कार्टर रोडला गेलो.

आदल्या रात्री तो फोनवर ओहोटीची वेळ बघत होता. मी विचारलं, "उद्या तिथी काय?" भिंतीवर कालनिर्णय नव्हतंच. फोनमध्ये बघून त्याने सांगितलं, माघ वद्य तृतीया. मी म्हटलं, "मग भरती सव्वादोनला, आणि सुकती त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या सुमाराला." त्याने फोन बघितला. आठ वाजून काही मिनिटं. माझ्याकडे असा बघायला लागला की मी जादू केली :-) जादू कसली? आमच्या किनाऱ्यावर पोराटोरांना ठाऊक असतं. तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आणि आम्हाला पाऊणकी पाठ होती. बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पावकी, निमकी, पाऊणकी छड्या खाऊन पाठ केली, ती साठ-पासष्ट वर्षांनी अंधेरीत कामाला आली. त्याने मला पाऊणकी दहापर्यंत म्हणायला लावली आणि फोनवर ती ध्वनिमुद्रित केली.

किनाऱ्यावर मी कोरड्या, सपाट खडकावर बसून राहिलो. तो आणि त्याच्यासारखे सात-आठजण वाकून वाकून खळगे बघत होते. मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. त्या वाचनाच्या बागेसारखंच. खडकावर हिरव्या-तपकिरी बटणांची नक्षी पसरलेली होती. मी शेवाळ समजलो. तर ते जीव. पाणी आलं की उमलतात, गेलं की मिटतात. शंखात घर करून राहणारे खेकडे इकडून तिकडे पळत होते. एक सुंदर शंख बघून मी हात पुढे केला, तर नातू ओरडला, "आबा, हात नको! त्यात गोगलगाय असेल तर विषारी डंख मारते." लहानपणी असे शंख मी खिसा भरून आणले होते. वाचलो कसा, देव जाणे.

मग तो एकेक फोटो माझ्या चांगल्या डोळ्यापुढे धरून विचारायला लागला, "ह्याला मराठीत काय?" खडकाला घट्ट चिकटलेली ती कालवं, हे मी बघताक्षणी सांगितलं. आई टोकदार लोखंडी सळई घेऊन जायची आणि दुपारपर्यंत टोपली भरून आणायची. खुबे सांगितले. वाळूत मिळतात ते मुळे आणि तिसऱ्या, त्या इथे नाहीत. बटणांच्या नक्षीला आमच्याकडे नाव नव्हतं, निदान मला ठाऊक नव्हतं. ते मान्य केलं. तीसएक फोटोंपैकी मला सहा नावं आली.

त्याने वहीत नवा रकाना आखला. वर 'मराठी' असं देवनागरीत लिहिलं. मग खडकावर उकिडवा बसून, जीभ दातात धरून, एकेक नाव लिहायला लागला. 'कालवं' वर अनुस्वार द्यायचा का, हे विचारून दिला. पाण्याच्या उंचीच्या रकान्यात त्याने 'लो टाइड' खोडून 'सुकति' लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली.

मी पेन मागितलं आणि 'ति' दीर्घ केला.